टोकियोत हातगाडी शोधू नका, रुळांखाली पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही महिन्यांपूर्वी आपल्या पर्यटन पुरवणीत जपानमधील रस्त्यावरच्या खाण्याविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. जपानी जेवण म्हणजे कच्चा मासा आणि भात, एवढ्यावरच थांबणाऱ्या लेखनापेक्षा तो पुष्कळ पुढे गेलेला होता आणि त्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार मानले पाहिजेत. मात्र टोकियोत संध्याकाळी रस्तोरस्ती हातगाड्या लागतात, तेथे काडीवर भाजलेली कोंबडी विकत घ्यावी आणि ती खात खात शहर पाहावे, असा जो सल्ला त्यात दिला होता, तो वस्तुस्थितीला धरून नाही. त्या सल्ल्यापायी आपल्याच दोन वाचकांची झालेली निराशा मी जवळून पाहिली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी आत्येबहीण आणि तिचे यजमान यांनी ते कात्रण जपून ठेवले होते आणि टोकियोला जाताना बरोबर नेले होते. तीन संध्याकाळी ते दोघे रुंद, झगमगत्या रस्त्यांवरून हातगाडी शोधत हिंडले. एकही दिसली नाही. तिसऱ्या रात्री हॉटेलखालच्या, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून त्यांनी भाताचे त्रिकोणी गोळे विकत घेतले आणि ते खोलीवर बसून खाल्ले. टोकियोत रस्त्यावर खायला काही मिळतच नाही, असे बहिणीने परत आल्यावर मला सांगितले, तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण त्यांचे हॉटेल शिंजुकू स्थानकाच्या पश्चिमेच्या बाजूला पाच मिनिटांवर होते आणि त्याच बाजूला, रुळांना अगदी लागून, ओमोइदे योकोचो नावाचा बोळ आहे, जेथील टीचभर दुकानांत रोज संध्याकाळी निखाऱ्यांवर काड्या भाजल्या जातात. त्या बोळाच्या तोंडावरून ते तीनही रात्री गेले असणार. पण त्यांची नजर हातगाडी शोधत होती.

दुभाषी म्हणून काम करताना मी पाच वर्षे ओसाका येथे आणि नंतर तीन वर्षे टोकियोत राहिले. कामाच्या निमित्ताने आलेल्या पाहुण्यांना संध्याकाळी जेवायला नेणे हा त्या कामाचाच एक भाग होता आणि जपानी शहरात हे खाणे शोधावे कसे, याची खूण मला त्यातूनच पटत गेली. सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे. जपानमध्ये रस्त्यावरचे खाणे आहे, विपुल आहे, पण ते आता रस्त्यावर नाही.

एके काळी ते रस्त्यावरच होते. टोकियोचे नाव एदो होते तेव्हा सुशी, तेंपुरा (पिठात बुडवून तळलेले तुकडे) आणि सोबा (एका जातीच्या शेवया) हे तिन्ही पदार्थ फिरत्या गाड्यांवर, उभ्याउभ्या खाण्याचे होते. लाकडी घरांच्या त्या शहरात आगीचे भय मोठे असल्यामुळे उकळत्या तेलाची कढई घराबाहेरच बरी मानली जाई आणि तेंपुरा काडीला टोचूनच गिऱ्हाईकाच्या हाती दिला जाई. आज जो पदार्थ मोठमोठ्या उपाहारगृहांत शुभ्र कागदावर मांडून वाढला जातो, तो मुळात असा रस्त्यावरच्या कामकऱ्याचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरे बेचिराख झालेली असताना स्थानकांभोवती काळे बाजार उभे राहिले आणि त्यांत काडीवर भाजलेले खाणे पुन्हा फोफावले. शिंजुकूचा तो बोळ १९४६ सालच्या अशाच बाजारातून वाढला. चांगले मांस नियंत्रणाखाली होते, म्हणून डुकराची आणि गाईची आतडी, काळीज, जे मिळेल ते काडीवर ओवले जाई. तेथे आजही कोंबडीइतकेच डुकराचे प्रकार मिळतात, त्याचे कारण हे आहे. पुढे १९४९ साली रस्त्यावरच्या गाड्या हटवण्याचा आदेश निघाला आणि टोकियोतील गाडीवाले हळूहळू छपराखाली गेले. छप्पर जेथे स्वस्त होते तेथे, म्हणजे रेल्वेच्या कमानींखाली आणि स्थानकाला चिकटलेल्या अरुंद बोळांत त्यांनी दुकाने थाटली. मांसासाठी पोसलेल्या कोंबड्यांची मोठी पैदास जपानमध्ये १९६०च्या सुमारास होऊ लागली, तेव्हा कोंबडी स्वस्त झाली आणि याकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेली कोंबडी, खऱ्या अर्थाने सर्वांच्या खिशाला परवडू लागली.

म्हणून टोकियोत आलेल्या माणसाने प्रथम रेल्वेचे रूळ पाहावेत. यूराकुचो स्थानक १९१० साली सुरू झाले. त्या काळातल्या विटांच्या कमानी यूराकुचोपासून शिम्बाशीपर्यंत अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या पोटात एकाला एक लागून खानावळी आहेत. जपानी लोक या जागेला गाडो-शिता म्हणतात, म्हणजे पुलाखालची जागा. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी गाडी जाते, पेले किंचित थरथरतात आणि बोलणारी माणसे क्षणभर थांबून पुढचे वाक्य सुरू करतात. उएनो येथेही रुळांच्या कडेने असेच आहे. किचिजोजीच्या स्थानकासमोर हार्मोनिका योकोचो नावाची गल्ल्यांची जाळी आहे. असाकुसा येथे मोठ्या देवळाच्या पश्चिमेला एक रस्ता आहे, जेथे दुकानांची बाके थेट बाहेर मांडलेली असतात आणि कात्रणातल्या वर्णनाशी त्यातल्या त्यात जुळणारी जागा तीच म्हणावी लागेल.

दुकान ओळखावे कसे, हे सांगितल्याशिवाय नुसत्या पत्त्याचा उपयोग नाही. दाराशी लाल कागदी कंदील टांगलेला असतो, तो पेटलेला असला की दुकान चालू आहे. दारावर नोरेन, म्हणजे मधून चिरलेला आखूड कापडी पडदा, बाहेर लावलेला असला तरीही तेच समजावे. पडदा आत घेतलेला असेल तर दार उघडे दिसले तरी आत शिरू नये, कारण तेव्हा तयारी चालू असते. आणि ज्यांना जपानी अक्षरांचा गंधही नाही त्यांच्यासाठी एक अक्षर मी नेहमी कागदावर काढून देत असे. एकाखाली एक दोन चौकटी काढा आणि वरून खालपर्यंत त्या दोन्हींच्या मधून आरपार जाणारी एक उभी रेघ मारा. झाले. काडीत ओवलेल्या दोन तुकड्यांचे चित्र वाटावे असे हे अक्षर आहे, त्याचा उच्चार कुशी आणि अर्थही काडी असाच आहे. एखाद्या पाटीवर, पडद्यावर किंवा कंदिलावर ते दिसले की आत काडीवरचे काही तरी भाजले किंवा तळले जात आहे. माझ्या पाहुण्यांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी हे एकच अक्षर शिकून ओसाकात एकट्याने चार दिवस आपले रात्रीचे खाणे मिळवले होते.

आत गेल्यावर काय दिसते, तेही लिहिते. शिम्बाशीला मी ज्या दुकानात वरचेवर जात असे, तेथे आठ माणसांपुरता एक लाकडी ओटा होता आणि ओट्यापलीकडे वीतभर रुंद, लांबट शेगडी होती. मांस विस्तवावर, तर काडीचे उघडे टोक शेगडीच्या काठाबाहेर, अशा बेताने काड्या आडव्या मांडलेल्या असत, त्यामुळे भाजणारे काका नुसत्या बोटांनी ती टोके धरून एकेक काडी फिरवीत. कोळसा बिंचोतान जातीचा होता. वाकायामा भागातील ओक जातीच्या झाडाच्या लाकडापासून तो करतात, तो अतिशय कठीण असतो आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा खणखणतो. त्याला स्वतःचा धूर जवळजवळ नसतो. बोळात जो धूर आणि वास पसरतो तो चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून उठलेला असतो, आणि तोच परत मांसाला लागतो. थेंब पडून जाळ उठला की काका उजव्या हाताने काडी उचलीत आणि डाव्या हातातल्या कागदी पंख्याने दोन झपके मारून जाळ बसवीत. बाजूला मातीचे एक बुटके भांडे असे, त्यात तारे नावाचा घट्ट, गोडसर काळा रस. अर्धी भाजलेली काडी त्यात बुडवायची, पुन्हा विस्तवावर ठेवायची, पुन्हा बुडवायची. ते भांडे रिकामे कधीच करीत नाहीत, रोज त्यात नव्याने भर घालतात. काडीवर तुकडे ओवायला शिकण्यास तीन वर्षे लागतात आणि भाजायला जन्म पुरत नाही, असे त्या व्यवसायातील लोक म्हणतात. पंधरा-वीस काड्या एकाच वेळी, प्रत्येक वेगळ्या अंगाची, प्रत्येकीला वेगळी आच, आणि तरीही एकही करपत नाही, हे समोर बसून पाहिल्यावर त्या म्हणण्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

मागताना पहिला प्रश्न असा येतो की मीठ की तारे. नवख्याने नेगिमा मागवावी, त्यात मांडीचे मांस आणि जाड कांद्याच्या पातीचे तुकडे आळीपाळीने ओवलेले असतात. त्सुकुने म्हणजे खिम्याचे गोळे, कावा म्हणजे कुरकुरीत कातडी, नान्कोत्सु म्हणजे कूर्चा, रेबा म्हणजे कलेजी. मोमो म्हणजे मांडीचे मांस, आपल्याला ठाऊक असलेल्या वाफवलेल्या मोमोशी त्याचा संबंध नाही. साध्या दुकानात एका काडीला १५० ते २०० येनच्या आसपास पडतात. काही दुकानांत एका प्रकारच्या दोन काड्या घ्याव्याच लागतात. बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी समोर येते, तिचेही ३०० ते ५०० येन बिलात धरले जातात. आपल्याला फसवले, असे वाटून कित्येक भारतीय पाहुणे माझ्यासमोर अस्वस्थ झालेले आहेत. पण ती फसवणूक नव्हे, बसण्याच्या जागेचे मोल तेथे अशा रीतीने घेतात. काडीवरचे तुकडे ताटलीत उतरवून सर्वांनी वाटून घेणे मात्र भाजणाऱ्याला रुचत नाही, कारण काडी हाती धरून टोकापासून खाल्ली जाईल, हे मनाशी धरूनच त्याने तुकडे लावलेले आणि मीठ टाकलेले असते.

ओसाकाची तऱ्हा निराळी आहे. तेथे काडी भाजण्यापेक्षा तळण्याकडे ओढा अधिक. शिन्सेकाई हा भाग त्यासाठी प्रसिद्ध असून तेथील त्सूतेन्काकू मनोऱ्याच्या पायथ्याशी कुशीकात्सूची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. मांस, कोळंबी, कांदा, कमळकाकडी, जे म्हणाल ते काडीला टोचून, पिठात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. ओट्यावर सर्वांसाठी एकच रसाचे भांडे असे आणि त्यात काडी एकदाच बुडवायची, उष्टी काडी दुसऱ्यांदा नाही, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असे. रस कमी पडला तर शेजारी ठेवलेल्या कोबीच्या पानाने तो उचलून घ्यायचा. करोनाच्या साथीनंतर बऱ्याच दुकानांनी भांडी काढून बाटल्या ठेवल्या. ते योग्यच झाले, तरी कोबीच्या पानाची ती युक्ती मला फार आवडत असे.

ताकोयाकी हीदेखील ओसाकाचीच. १९३५ साली तेथील एका दुकानाने पिठाच्या गोळ्यात ऑक्टोपसचा तुकडा घालायला सुरुवात केली. अर्धगोल खळग्यांचा लोखंडी तवा आपल्या आप्पेपात्राची आठवण करून देतो, पण येथे पीठ इतके पातळ असते की खळगे भरून ते तवाभर पसरते, आणि मग टोकदार सळईने चौफेर रेघा मारून, पसरलेले पीठ आत खोचत प्रत्येक गोळा फिरवला जातो. गोळा बाहेरून घट्ट होतो आणि आत मात्र खिरीसारखा राहतो. पहिला गोळा सरळ तोंडात टाकू नये, काडीने फोडून वाफ जाऊ द्यावी.

खऱ्याखुऱ्या गाड्याच पाहायच्या असतील तर फुकुओकाला जावे. तेथे याताई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्या संध्याकाळी नाकासू बेटावर नदीकाठी, तसेच तेंजिन आणि नागाहामा या भागांत लागतात आणि पहाटे पूर्ण उचलून नेल्या जातात. एका गाडीवर जेमतेम दहा माणसे मावतात, कच्चा मासा तेथे मिळत नाही आणि गर्दी असेल तर खाऊन झाल्यावर जागा सोडावी, अशी रीत आहे. १९६०च्या दशकात चारशेहून अधिक असलेल्या या गाड्या घटत घटत शंभराच्या आसपास आल्या. परवाना वारसाशिवाय दुसऱ्याला देता येत नसल्यामुळे त्या नाहीशा होणार, असे दिसत होते. तेव्हा २०१३ साली फुकुओका महापालिकेने गाड्यांसाठी स्वतंत्र नियमावली केली आणि पुढे नव्या चालकांकडून खुले अर्ज मागवण्यास आरंभ केला. एखाद्या शहराने आपल्या गाडीवाल्यांना हटवण्याऐवजी त्यांच्यासाठी नियम केले, त्यांना जागा आखून दिल्या, पाणी आणि वीज यांची सोय लावली, ही घटना मला फार मोलाची वाटते आणि त्या लेखात तिचा उल्लेख असायला हवा होता.

इतर शहरांत गाड्या लागतात त्या देवळांच्या जत्रांना. क्योतो येथे दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिरात आणि २५ तारखेला कितानो तेन्मांगू येथे बाजार भरतो. ओसाकातील शितेन्नोजी येथे २१ आणि २२ या दोन्ही दिवशी. प्रवासाची तारीख थोडी पुढेमागे करता येत असेल तर या दिवसांचा मेळ जरूर घालावा, कारण सोया रस लावून भाजलेले मक्याचे कणीस, काडीवरचा अख्खा माकूल (स्क्विड), तव्यावरच्या शेवया, साखरेच्या पाकात बुडवलेले सफरचंद, हे सारे एका आवारात आढळते. जुलैमध्ये क्योतोत गिओन उत्सव आणि ओसाकात २४-२५ जुलैला तेंजिन उत्सव असतो, तेव्हा तर रस्तेच्या रस्ते गाड्यांनी भरून जातात.

चालत खाण्याविषयी आता लिहिते, कारण लेखातील तो सल्ला वाचकांना अडचणीत आणू शकतो. जपानमध्ये चालत खाणे सर्वसाधारणपणे अशिष्ट समजतात. कामाकुरा शहराने २०१९ साली गर्दीच्या ठिकाणी चालताना खाऊ नये, असे आवाहन करणारा नियम केला, आणि क्योतोच्या निशिकी बाजारात तशा सूचना जागोजागी लावलेल्या आहेत. ज्या दुकानातून काडी घेतली त्याच्याच पुढ्यात उभे राहून खावी आणि रिकामी काडी त्याच दुकानदाराला परत द्यावी. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारच थोडे आहेत, त्यामुळे रसाने माखलेली काडी हातात धरून अर्धा तास हिंडण्याची पाळी येते. शिवाय २०१९च्या ऑक्टोबरपासून बांधून नेलेल्या खाद्यपदार्थांवर ८ टक्के आणि बसून खाण्यावर १० टक्के कर आहे, म्हणून दुकानदार विचारतो तेव्हा खरे काय ते सांगावे.

शाकाहारी वाचकांविषयी त्या लेखात एका ओळीत, त्यांच्यासाठी तेथे काही नाही, असे म्हटले होते. हे मला पटले नाही, आणि याउलट भाज्यांच्या काड्या बिनधास्त खाव्यात, असे सांगणाऱ्यांशीही मी सहमत नाही. याकितोरीच्या दुकानात शिताके अळंबी, हिरव्या कोवळ्या मिरच्या आणि गिंको झाडाच्या बिया काडीवर भाजून मिळतात, पण ज्या तारेच्या भांड्यात दिवसभर कोंबडी बुडवलेली असते, त्यातच त्याही बुडवतात. मीठ लावून मागितल्या तरी शेगडी तीच असते. कुशीकात्सूच्या पिठात बहुधा अंडे असते आणि तेलात काही ठिकाणी प्राण्यांची चरबी. ज्यांना एवढे चालत नाही त्यांनी त्या दुकानांत जाऊ नये. त्यांच्यासाठी दगडांच्या उष्णतेवर भाजलेली रताळी आहेत. थंडीच्या दिवसांत छोटी मालमोटार लांबलचक सूर लावत गल्लीतून फिरते, ती या रताळ्यांची. दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, काडीवर भाजून मिळतात, साधे सोया रसाचे किंवा वर अझुकी या लाल कडधान्याच्या गोड पुरणाचे. मध्य जपानच्या डोंगराळ भागात गोहेई-मोची असते, भात कुटून काडीवर थापतात आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) व अक्रोड यांचे वाटण लावून भाजतात. टोफूला मिसो फासून भाजलेला देंगाकूही आहे. यांपैकी रताळे सोडून प्रत्येक वेळी माशाच्या अर्काविषयी, म्हणजे दाशीविषयी, विचारावे लागते. मिसोच्या वाटणात आणि दांगोच्या गोड रसात ती कधी असते, कधी नसते, आणि वासावरून कळत नाही.

या सर्व कारणांसाठी माझी आपणास विनंती आहे की पुरवणीच्या पुढील अंकात हातगाड्यांविषयीच्या त्या विधानाची दुरुस्ती प्रसिद्ध करावी, आणि शक्य झाल्यास काडीवरच्या पंधरा-वीस पदार्थांची जपानी नावे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे, प्रत्येकात काय काय असते त्यासह एका चौकटीत छापावीत. माझ्या आत्येबहिणीसारखे वाचक पुस्तकापेक्षा कात्रणावर अधिक भरवसा ठेवतात आणि ते पाकिटात घालून परदेशी नेतात. अशी यादी मी तयार केली असून आपण कळवल्यास विनामोबदला पाठवीन. कुशी हे अक्षरही चौकटीच्या डोक्यावर मोठे करून छापावे, म्हणजे शिंजुकूच्या त्या बोळाच्या तोंडाशी कात्रण हातात धरून ते पाटीशी ताडून पाहता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
पुरवणीची एक जुनी वाचक